विमानातलं जेवण अळणी का लागतं?

मुला-नातवंडांना भेटून कुणी अमेरिकेहून परतलं, की जबलपूरच्या मराठी घरांत पहिली तक्रार जेवणाची निघते. विमानात शिळं आणि अळणी वाढतात, असं सगळेच सांगतात.

अळणीपणाचं कारण बरंचसं खाणाऱ्याच्याच नाकात आणि जिभेत असतं. विमान 35 हजार फुटांवर असलं, तरी आतली हवा 6 ते 8 हजार फुटांवर असावी इतपत विरळ असते. म्हणजे साधारण 1350 फुटांवर राहणाऱ्या जबलपूरकराला जवळपास शिमल्याच्या उंचीवर बसून जेवायचं असतं. त्यात हवा अतिशय कोरडी, आर्द्रता बहुधा 20 टक्क्यांच्याही खाली. नाक कोरडं पडलं की वास कमी येतो, आणि चवीचा मोठा भाग वासच असतो. लुफ्तान्सासाठी जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेनं 2010च्या सुमारास जमिनीवरच, कमी दाबात ठेवलेल्या विमानाच्या सांगाड्यात लोकांना जेवू घातलं. मीठ आणि साखर त्यांना कमी जाणवली. आंबट, कडू फारसं बदललं नाही. इंजिनांच्या घरघरीचाही वाटा आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या 2015च्या प्रयोगात मोठ्या आवाजात गोड चव दबली आणि टोमॅटोत असते ती उमामी चव उठून आली. तेव्हा वरून लिंबू पिळलेली डाळ किंवा टोमॅटोच्या रश्शाची भाजी ही तिथली चांगली निवड.

आणि शिळं? जेवण विमानतळाजवळच्या स्वयंपाकघरात शिजतं, लगेच थंड करून तसंच साठवतात आणि विमानात ओव्हनमध्ये गरम करतात. तव्यावरच्या फुलक्याची सर त्याला नाही, पण त्याला शिळं म्हणणं अन्यायाचं आहे.

याहून त्रासाचा गैरसमज 'हिंदू मील'चा. नाव वाचून कित्येकजण ते शाकाहारी समजून नोंदवतात आणि ताटात कोंबडी आली की उपाशी राहतात. बहुतेक कंपन्यांच्या या जेवणात गोमांस नसतं, पण कोंबडी, मटण, मासे असू शकतात. भारतीय शाकाहारी जेवण हवं तर 'एशियन व्हेजिटेरियन' (एव्हीएमएल) मागावं, जैन जेवणाचा संकेत व्हीजेएमएल. हे साधारण 24 तास आधी नोंदवावं लागतं. जबलपूरच्या डुमना विमानतळावरून दिल्ली-मुंबई गाठून पुढचं विमान पकडणाऱ्यानं हे घरीच उरकावं.

पायांत रक्ताची गुठळी होण्याची भीती लोक फक्त विमानाला चिकटवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007च्या अहवालानुसार चार तासांहून अधिक प्रवासात हा धोका सुमारे दुप्पट होतो, तरी तो सहा हजारांत एकाला इतकाच राहतो. अन् तो रेल्वे, बस, मोटारीतही असतो. जबलपूर-मुंबई गाडीतही अधूनमधून उठून चालायलाच हवं.

झोपेची घडी मात्र प्रवासाच्या तासांनी विस्कटत नाही, घड्याळांतल्या फरकानं विस्कटते. त्यातही लंडनला जाताना जेवढा त्रास होतो, त्याहून पूर्वेकडे, म्हणजे घरी परतताना बहुतेकांना जास्त होतो.

राहिला खाऊ. 'घरचंच तर आहे, कोण अडवणार?' हा समज सर्वांत घट्ट. ब्रिटन आणि युरोपीय संघ भारतातून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ आणू देत नाहीत, त्यामुळे जबलपूरची खव्याची जिलेबी लंडनच्या नातवाला पोचवता येत नाही. संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात खसखस प्रतिबंधित आहे. दिवाळीचा डबा दुबईला निघाला असेल, तर अनारसे बाजूला काढावेत. चकल्या, शंकरपाळे खुशाल भरावेत.