चिनी सुलेखन : रेघेत साठलेली हाताची गती

चिनी लिपीचे आज हाती असलेले सर्वांत जुने विपुल पुरावे हाडांवर कोरलेले आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे १२५० पासून, शांग राजवंशाच्या अखेरच्या काळात, हनान प्रांतातील आजच्या आन्यांग शहराजवळ असलेल्या राजधानीत राजाचे भविष्यवेत्ते बैलाच्या खांद्याच्या हाडाला किंवा कासवाच्या पोटाकडील कवचाला उष्णता देत, तिथे पडणाऱ्या तड्यांवरून पाऊस, युद्ध, आजारपण यांविषयी कौल घेत आणि विचारलेला प्रश्न त्याच हाडावर कोरून ठेवत. ही अक्षरे टोकदार हत्याराची असल्यामुळे त्यांच्या रेघा बारीक आणि ताठ आहेत. मात्र त्याच काळातील काही हाडांवर व मृत्पात्रांवर कुंचल्याने लिहिलेली अक्षरेही सापडली आहेत आणि सुलेखनकलेचे खरे मूळ या कुंचल्यातच शोधावे लागते.

पुढे इसवी सनापूर्वी २२१ मध्ये छिन सम्राटाने चीन एका सत्तेखाली आणला, तेव्हा निरनिराळ्या राज्यांतील अक्षरवळणे बाजूला सारून सारख्या जाडीच्या रेघांची ‘मुद्रालिपी’ अधिकृत ठरवण्यात आली. परंतु एवढ्या मोठ्या राज्याचे दप्तर सांभाळणाऱ्या कारकुनांना इतके सावकाश लिहिणे परवडणारे नव्हते, आणि त्यांच्या हातून गोलाई मोडून सपाट, रुंद झालेले वळण हान काळात ‘लिशू’ म्हणजे कारकुनी लिपी म्हणून रूढ झाले. त्याच घाईतून अक्षरे एकमेकांत मिसळणारी ‘त्साओशू’ ही शीघ्रलिपी जन्मली, तर आज छापील मजकुरात दिसणाऱ्या वळणाचा पाया असलेली ‘काइशू’ ही सुस्पष्ट लिपी त्यानंतर आकाराला येऊन थांग काळात परिपक्व झाली. या दोहोंच्या मधली, सुवाच्य तरीही वाहती, ती ‘शिंगशू’.

या कलेची साधने चार : कुंचला, शाई, शाईचा दगड आणि कागद. पाइनच्या काजळीत प्राणिजन्य सरस मिसळून केलेली शाईची कांडी, सहाणेवर चंदन उगाळावे तशी, दगडावर पाण्यात उगाळली जाते. कुंचल्याला बकरीचे मऊ किंवा वीझल या मुंगसासारख्या प्राण्याचे ताठर केस लावलेले असतात. आन्हुई प्रांतात होणारा ‘श्वान’ कागद झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांपासून बनतो आणि शाई पडताक्षणी शोषून घेतो. म्हणून एकदा उमटलेली रेघ पुसता येत नाही आणि वरून गिरवली, तर ते गिरवणे जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही. अक्षरातील रेघा कोणत्या क्रमाने काढायच्या हेही परंपरेने ठरलेले असल्यामुळे, शेकडो वर्षांपूर्वीच्या हाताने कुठे दाब दिला, कुठे वेग घेतला, कुठे शाई संपत आली, हे पाहणाऱ्याला आरंभापासून अखेरपर्यंत अनुसरता येते. चित्रकलेत ही सोय क्वचितच मिळते.

म्हणूनच चिनी परंपरेने शिंगशूतील सर्वश्रेष्ठ मानलेल्या तिन्ही कृतींत आखीव सफाई नाही. पहिली वांग शीझी यांची ‘लानथिंग प्रस्तावना’. इसवी सन ३५३ च्या वसंतात, आजच्या शाओशिंगजवळ जमलेल्या कवींच्या मेळाव्यात त्यांनी ती लिहिली. तिच्यातील वीसेक वेळा आलेले ‘झी’ हे एकच अक्षर दर वेळी वेगळ्या वळणाने उतरले आहे. परंपरेनुसार थांग सम्राट थायझोंग याने मूळ प्रत आपल्याबरोबर पुरून घेतली, त्यामुळे आज पाहायला मिळतात त्या तिच्या जुन्या नकला. यात चिनी रसिकांना काही उणे वाटत नाही, कारण श्रेष्ठांचा कित्ता गिरवणे हेच तेथील सुलेखनशिक्षणाचे पहिले पाऊल राहिले आहे.

दुसरी कृती याहून हलवून सोडणारी आहे. थांग सत्तेविरुद्ध झालेल्या आन लूशानच्या बंडात सेनानी आणि अधिकारी यान झेनचिंग यांचे चुलतबंधू व तरुण पुतण्या मारले गेले. ७५८ मध्ये पुतण्याची केवळ कवटी परत मिळाली, तेव्हा त्यांनी त्याच्या श्राद्धविधीसाठी शोकलेखाचा मसुदा लिहिला. आरंभीच्या ओळी संयत आहेत, पण हत्येचा उल्लेख जवळ येतो तसतसा हात वेग घेतो, शब्द खोडले जातात, कुंचला कोरडा पडला तरी लिहिणे थांबत नाही. हा लेख सुंदर दिसावा अशी लेखकाची कसलीच इच्छा नव्हती आणि नेमकी म्हणूनच ही कृती या कलेचे शिखर मानणे सर्वस्वी योग्य आहे. तिसरी कृती सू शी यांनी हद्दपारीच्या काळात लिहिलेल्या ‘हानशी’ सणाच्या कवितांची. या शेवटच्या दोन्ही मूळ प्रती आज तैपेईच्या राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात आहेत.

२००९ मध्ये युनेस्कोने चिनी सुलेखन आणि श्वान कागदाची निर्मिती या दोहोंची नोंद मानवतेच्या अमूर्त वारशात केली. चिनी भाषा न येणाऱ्या मराठी वाचकालाही या कृतींची उत्तम छायाचित्रे आज सहज पाहता येतात. त्याने यान झेनचिंग यांचा मसुदा समोर ठेवावा, उजव्या कडेच्या पहिल्या ओळीपासून वरून खाली, एकेक ओळ डावीकडे सरकत, नजर हाताच्या वेगाने न्यावी आणि खोडाखोडीपाशी जरूर थांबावे.