स्वयंसेवी क्षेत्राची वाट आणि पदव्युत्तर पदवीची निवड

भारतात ‘स्वयंसेवी संस्था’ या नावाखाली कायद्याने वेगवेगळी असणारी किमान तीन रूपे एकत्र नांदतात. 1860च्या संस्था नोंदणी अधिनियमाखालील संस्था, 1950च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला न्यास आणि 2013च्या कंपनी अधिनियमातील कलम 8खालील, म्हणजे नफा सभासदांत न वाटता उद्दिष्टांवरच खर्च करणारी कंपनी, ही ती रूपे होत. महाराष्ट्रात या क्षेत्रातील जुन्या पिढीचे कार्यकर्ते बहुधा राष्ट्र सेवा दल, सर्वोदय, युवक क्रांती दल किंवा छात्र युवा संघर्ष वाहिनी अशा चळवळींतून आले, आणि त्यांची पदवी कोणती हा प्रश्न सहसा कोणी विचारला नाही. आज तो विचारला जातो, कारण या कामाला लागणारा पैसा कोठून येतो आणि त्याचा हिशेब कोणाला द्यावा लागतो हे बदलले आहे. 2013च्या कंपनी अधिनियमातील कलम 135ने निव्वळ मूल्य 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये यांपैकी कोणतीही एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीवर मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करण्याचे बंधन घातले. त्यामुळे कंपन्यांचा पैसा संस्थांकडे येऊ लागला आणि त्याबरोबर प्रस्ताव, निर्देशांक, मूल्यमापन आणि तिमाही अहवाल यांची भाषाही आली. ही भाषा जाणणारी माणसे संस्थांना हवी असतात, आणि ती शोधण्याची सोपी खूण म्हणून जाहिरातीत पदव्युत्तर पदवीची अट लिहिली जाते.

त्या अटीचे सर्वांत जुने आणि परिचित उत्तर म्हणजे समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी, अर्थात एम.एस.डब्ल्यू. या शिक्षणाची भारतातील सुरुवात मुंबईत झाली. क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने 1920च्या दशकात नागपाड्याच्या कामगार वस्तीत चालवलेल्या कामातून प्रशिक्षित कार्यकर्त्यांची गरज पुढे आली, आणि 1936मध्ये सर दोराबजी टाटा न्यासाच्या पैशातून समाजकार्याची शाळा सुरू झाली. 1944मध्ये तिलाच टाटा सामाजिक विज्ञान संस्था हे नाव मिळाले. पुढे मुंबईत 1955मध्ये निर्मला निकेतन आणि पुण्यात 1963मध्ये कर्वे समाजसेवा संस्था उभी राहिली, आणि नंतरच्या दशकांत जिल्ह्याजिल्ह्यांत समाजकार्य महाविद्यालये निघाली. या अभ्यासक्रमाचा गाभा तीन पद्धतींचा असतो. एकेका माणसाच्या किंवा कुटुंबाच्या अडचणीवर त्याच्यासह काम करणे म्हणजे व्यक्तिसहाय्य कार्य, समान प्रश्न असलेल्यांना गटातून बळ मिळवून देणे म्हणजे गटकार्य आणि वस्ती किंवा गाव आपल्या प्रश्नावर उभे राहील असे करणे म्हणजे समुदाय संघटन. या तिन्हींना जोडणारे क्षेत्रकार्य, म्हणजे ज्याला विद्यार्थी सरसकट फील्डवर्क म्हणतात ते, अभ्यासक्रमाचा खरा प्राण आहे, आणि महाविद्यालयामहाविद्यालयांतील दर्जाचा फरकही पुस्तकी विषयांपेक्षा तेथेच अधिक दिसतो.

काही कामांसाठी पदवीची निवड आपल्या हाती राहत नाही, कारण तेथे कायदाच पात्रता ठरवतो. 1948च्या कारखाने अधिनियमाने 500 किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले आणि त्या पदासाठी समाजकार्याचे पदवीधर घडवणे हे महाराष्ट्रातील महाविद्यालयांचे दीर्घकाळ महत्त्वाचे काम राहिले. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्करची व्याख्या करताना समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी आणि तिच्यावर दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. अशी अट घातली. त्याचप्रमाणे अपंग मुलांच्या विशेष शिक्षणात काम करू इच्छिणाऱ्याला 1992च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलाच अभ्यासक्रम घ्यावा लागतो, आणि तेथे सर्वसाधारण एम.एस.डब्ल्यू. पुरेशी ठरत नाही. रुग्णालय, समुपदेशन केंद्र, बालगृह अशा ठिकाणी, जेथे माणसाशी समोरासमोर बसून काम करायचे असते, तेथे समाजकार्याचे शिक्षण इतर कोणत्याही पदवीपेक्षा अधिक उपयोगी पडते याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र ‘समाजासाठी काहीतरी करायचे आहे’ एवढ्याच प्रेरणेने, आरोग्य, पाणी, शिक्षण की कायदा हे न ठरवता, जो विद्यार्थी या अभ्यासक्रमाकडे येतो, त्याला दोन वर्षांनंतरही तोच प्रश्न पुन्हा सोडवावा लागतो.

निवडीचा हा मुद्दा सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात, आणि त्याची दोन ठळक उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी वैद्यकीय शिक्षणानंतर अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काही वर्षे काम केले. रुग्णालयात येणारे बहुसंख्य आजार गावातच टाळता येण्याजोगे आहेत हे तेथे लक्षात आल्यावर ते अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेण्यास गेले आणि 1970मध्ये परतून जामखेडला काम करू लागले. गावाने निवडलेल्या, अनेकदा निरक्षर असलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवण्याची जामखेडची पद्धत त्या अनुभवातून आणि त्या अभ्यासातून मिळून तयार झाली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीही वर्धा परिसरात काम केल्यानंतर त्याच विद्यापीठातून 1984मध्ये तीच पदवी घेतली आणि 1986मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचे काम आरंभले.

त्या पदवीने बंग दांपत्याला नेमके काय दिले हे त्यांच्या शोधनिबंधांत वाचता येते. 1989मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन गावांतील 650 स्त्रियांची तपासणी होती आणि त्यांपैकी 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी किमान एक विकार आढळला. गावातील स्त्रियांपर्यंत पोहोचून मोजणी झाल्यामुळेच, दवाखान्यापर्यंत कधी न येणारे हे दुखणे जगाला दिसले. पुढे नवजात बालकांच्या घरोघरी काळजीचा प्रयोग 39 गावांत करताना तुलनेसाठी 47 गावे वेगळी ठेवण्यात आली, आणि म्हणूनच 1999मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नवजात मृत्युदरात झालेली घट प्रयोगामुळे झाली असे ठामपणे म्हणता आले. रोगपरिस्थितीविज्ञान, म्हणजे लोकसमूहात आजार किती, कोणाला आणि कशामुळे होतात हे मोजण्याचे शास्त्र, हाताशी नसते तर तीच सेवा झाली असती, पण तिचा पुरावा राहिला नसता. 2011मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बालकांच्या गृहभेटींचा कार्यक्रम देशभर स्वीकारला, त्यामागे या पुराव्याचे बळ होते. या दोन्ही दांपत्यांनी आधी काम केले, त्या कामात अडले आणि मग ज्या ज्ञानावाचून अडले होते ते मिळवण्यासाठी पदवी घेतली. हा क्रम अपघाती मानता येत नाही, आणि आजच्या विद्यार्थ्यालाही तो तितकाच लागू पडतो.

ग्रामीण उपजीविका हा ज्यांच्या आवडीचा विषय आहे त्यांच्यापुढे वेगळे पर्याय आहेत. शेतकऱ्यांच्या मालकीच्या सहकारी संस्थांना कसबी व्यवस्थापक हवेत आणि शहरी उद्योगांसाठी घडलेले व्यवस्थापक तेथे येत नाहीत, या विचाराने डॉ. वर्गीस कुरियन यांनी 1979मध्ये आणंद येथे ग्रामीण व्यवस्थापन संस्था, म्हणजे ‘इर्मा’, उभारली. गावात राहून करायचा अभ्यास हा तेथील शिक्षणाचा आवश्यक भाग राहिला आहे. अभियंत्यांसाठी मुंबईच्या आय.आय.टी.मधील ‘सितारा’ हे ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र 1985पासून आहे आणि पाणी, ऊर्जा, शेती यांच्या प्रश्नांवर प्रत्यक्ष गावांत काम करणारी एम.टेक. तेथे करता येते. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठातील विकास आणि शिक्षण या विषयांच्या पदव्युत्तर पदव्या स्वयंसेवी क्षेत्र नजरेसमोर ठेवूनच आखलेल्या आहेत. परंतु ‘विकास अभ्यास’ या नावाचे सर्व अभ्यासक्रम सारखे नसतात. काहींत अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र यांची पक्की बैठक मिळते, तर काहींत चर्चाच अधिक असते, आणि दुसऱ्या प्रकारातून बाहेर पडलेल्याला संस्थेत गेल्यावर सर्वेक्षणाची साधी प्रश्नावलीही धडपणे करता येत नाही.

कायदा आणि हिशेब या दोन वाटांकडे मात्र तरुणांचे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही, आणि ही खेदाची गोष्ट आहे. परकीय अंशदान नियमन अधिनियमात 2020मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने मिळालेले परदेशी अनुदान दुसऱ्या संस्थेकडे देण्यावर बंदी घातली. त्यामुळे मोठ्या संस्थांच्या आधाराने गावपातळीवर काम करणाऱ्या लहान संस्थांची ती वाट बंद झाली. विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात वेळेत बदल अहवाल दाखल करावा लागतो, आणि तो राहून गेला की पुढे बँक खात्यापासून अनुदानापर्यंत सर्वत्र अडथळे येतात. एल.एल.बी. किंवा वाणिज्य शाखेतील पदव्युत्तर शिक्षण घेतलेला, पण मनाने कार्यकर्ता असलेला माणूस अशा संस्थेला तारून नेऊ शकतो. वनहक्क अधिनियमाखालील सामूहिक दाव्यांच्या कामातही कायदा वाचता येणारा माणूस लागतो, मग त्याच्याकडे पदवी असो वा नसो. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला 2009मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे गावातील अभ्यासगटाने वर्षानुवर्षे बसून केलेले वाचन आणि चर्चा होती. तेथील ज्ञान कोणत्याही विद्यापीठाच्या प्रमाणपत्रावर अवलंबून नव्हते, आणि पदवीच्या मर्यादा समजून घेण्यासाठी हे उदाहरण प्रत्येक इच्छुकाने अभ्यासावे असे आहे.

पदवीच्या शेवटच्या वर्षातून थेट पदव्युत्तर वर्गात जाण्यापेक्षा मध्ये एक-दोन वर्षे प्रत्यक्ष कामात घालवणे म्हणूनच अधिक हिताचे ठरते. त्यासाठी आज मार्गही आहेत. महापालिका आणि इतर शाळांत दोन वर्षे शिकवण्याची संधी देणारी ‘टीच फॉर इंडिया’ 2009पासून पुण्या-मुंबईत आहे, ‘सर्च’चा ‘निर्माण’ हा युवा उपक्रम 2006पासून चालू आहे, आणि गावात राहून काम करण्यासाठी विद्यावेतन देणाऱ्या पाठ्यवृत्तीही आहेत. ज्याच्या घरची परिस्थिती एवढे थांबू देत नाही त्याने निदान पदवीच्या सुट्ट्यांत एखाद्या संस्थेच्या कार्यालयात नव्हे तर तिच्या कार्यक्षेत्रात राहावे.

प्रवेशापूर्वी महाविद्यालयाला विचारायचे प्रश्नही याच अनुभवातून सुचतात. आठवड्यातील किती दिवस क्षेत्रकार्याचे आहेत, विद्यार्थी ज्या संस्थेत जातो तेथे त्याला मार्गदर्शन करणारी व्यक्ती नेमलेली असते की तो केवळ हजेरीपटावर सही करून परततो, त्याचे अहवाल प्राध्यापक वाचून त्यावर बोलतात की नाही, आणि मागील तुकड्यांतील विद्यार्थी पाच वर्षांनंतरही या क्षेत्रात टिकून आहेत का, हे माहितीपत्रकात सापडत नाही, ते माजी विद्यार्थ्यांनाच विचारावे लागते. खर्चाचा विचार तितक्याच गांभीर्याने व्हायला हवा, कारण या क्षेत्रातील सुरुवातीच्या मानधनातून मोठे शैक्षणिक कर्ज फिटणे कठीण असते आणि कर्जाचा हप्ता अनेकांना नको त्या नोकरीत अडकवतो. पहिल्या पिढीत शिकणाऱ्यांसाठी शुल्कसवलत असणे किंवा नसणे यावर सारे अवलंबून असते, आणि 2018मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील विद्यार्थ्यांनी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीधारकांच्या शुल्कसवलतीसाठी केलेला संप हा त्याच वास्तवाचा आविष्कार होता. परदेशी शिक्षणासाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मोठा आधार देते. अशा प्रत्येक योजनेसाठी आदल्या वर्षीच्या जाहिरातीतील अटी वाचून उत्पन्नाचा दाखला आणि जातवैधता प्रमाणपत्र आधीच मिळवून ठेवणे आवश्यक आहे, कारण प्रवेश मिळूनही कागद वेळेवर न आल्याने जागा सोडावी लागणे हे आजही खेड्यातून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्याच वाट्याला अधिक येते.