फौजदार आणि पाद्री

विल्यम फ्रीडकिन यांचा ‘द एक्झॉर्सिस्ट’ १९७३ साली पडद्यावर आला, तेव्हा पिशाचबाधेच्या त्या थैमानापुढे लेफ्टनंट किंडरमन हा सौजन्यशील पोलिस अंमलदार फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही. तथापि एका संशयास्पद मृत्यूचा तपास करीत बाधित मुलीच्या घरी येऊन, तिच्या आईने दिलेली कॉफी पिऊन परत जाणारा हा गृहस्थच पुढे चार दशके रुजत गेलेल्या एका मिश्र चित्रप्रकाराचा मूळपुरुष होय.

मूळ कादंबरीकार विल्यम पीटर ब्लॅटी त्याला विसरले नव्हते. १९९० साली त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेल्या ‘द एक्झॉर्सिस्ट ३’ मध्ये किंडरमन नायक झाला, आणि पूर्वीच देहान्त शासन झालेला एक खुनी इस्पितळाच्या कोठडीतून आपल्या गुन्ह्यांची साद्यंत कैफियत त्याला ऐकवू लागला. जॉर्ज सी. स्कॉट आणि ब्रॅड डूरिफ यांच्यातील ती जबानी मला या प्रकाराचा परमोत्कर्ष वाटते. निर्मात्यांच्या आग्रहाखातर अखेरीस घुसडलेला भूतोत्सारणाचा विधी त्यापुढे केवळ आतषबाजी आहे. १९९८ च्या ‘फॉलन’मध्ये तपास आहे, पिशाच आहे, पण विधीच नाही.

स्कॉट डेरिकसन यांनी २००५ साली ‘द एक्झॉर्सिझम ऑफ एमिली रोझ’मध्ये पाद्र्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, त्यामागे १९७६ साली जर्मनीत मृत्यू पावलेल्या आनेलीझ मिशेल हिचा खटला होता. पुढे राल्फ सार्ची या न्यूयॉर्कच्या पोलिस सार्जंटच्या आठवणींवरून त्यांनी २०१४ साली ‘डिलिव्हर अस फ्रॉम ईव्हिल’ केला. इराकहून परतलेल्या सैनिकांचा माग काढत ब्रॉन्क्सच्या काळोखात हिंडणारा सार्ची (एरिक बाना) पूर्वार्धात खिळवून ठेवतो. दचकवण्याचे ठरावीक प्रसंग मात्र पुढेपुढे कंटाळा आणतात.

परंतु भूतोत्सारणासाठी पोलिस ठाण्यातील चौकशीची खोली निवडण्यात दिग्दर्शकाची खरी मर्मदृष्टी दिसते. कारण १६१४ च्या रोमन विधिग्रंथानुसार पाद्र्याने पिशाचाला त्याचे नाव आणि निघून जाण्याची घटका विचारावयाची असते, आणि नावापासून आरंभ करणे ही फौजदाराचीही रीतच आहे. त्यातही मार्मिक गोष्ट ही की, त्या खोलीत पाऊल टाकण्यापूर्वी स्वतः सार्चीलाच भूतोत्सारण करणाऱ्या फादर मेंडोझांपुढे, आपण संतापाच्या भरात एका नराधमाचा जीव घेतल्याचा, कोणत्याही दप्तरात न नोंदलेला कबुलीजबाब द्यावा लागतो.