हायब्रीड मोटार खरोखर स्वस्त पडते का?

गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळाच्या स्नेहसंमेलनांत रुग्णांच्या खालोखाल ज्या विषयावर सर्वाधिक चर्चा ऐकली, तो विषय म्हणजे हायब्रीड मोटार. 'लिटरला अठ्ठावीस किलोमीटर' हा आकडा कानी पडला की आपल्यातील भलेभले सांख्यिकी विसरतात. औषध कंपनीचा प्रतिनिधी 'धोका पन्नास टक्क्यांनी घटतो' असे सांगू लागला, तर आपण तत्काळ विचारतो, 'मुळात धोका होता किती?' मोटारीच्या दालनात मात्र हा प्रश्न आपल्याला सुचत नाही. तो येथे विचारावा, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम यंत्राविषयी थोडेसे. खऱ्या हायब्रीड गाडीत पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विद्युत मोटर आणि लहानशी बॅटरी असते. सामान्य गाडीचा ब्रेक दाबला की तिच्या गतीतील ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. हायब्रीडमध्ये त्या वेळी मोटर उलटे काम करते, वीज निर्माण करते आणि ती बॅटरीत साठवते. पुढे सिग्नल सुटताना गाडी याच विजेवर निघते, इंजिन झोपलेलेच असते. म्हणजे बचत होते ती थांबण्यात आणि पुन्हा निघण्यात, संथ रहदारीत. महामार्गावर ताशी नव्वदच्या वेगाने एकसारखे जाताना परत मिळवण्याजोगी ऊर्जाच फारशी नसते. पुढचा सगळा हिशेब या एका गोष्टीवर उभा आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना. 'स्मार्ट हायब्रीड' किंवा 'माइल्ड हायब्रीड' या नावाने विकल्या जाणाऱ्या गाड्यांत मोटर इंजिनाला केवळ हातभार लावते, एकटी गाडी ओढू शकत नाही. त्यांची बचत अल्प असते. प्रस्तुत लेखात हायब्रीड म्हणजे 'स्ट्राँग हायब्रीड' असेच समजावे.

जगात ही कल्पना रुजवली टोयोटाच्या प्रियसने, डिसेंबर १९९७ मध्ये, जपानात. भारतात होंडाने २००८ साली सिव्हिक हायब्रीड आणली. किंमत होती साडेएकवीस लाखांच्या आसपास, साध्या सिव्हिकपेक्षा कितीतरी अधिक. त्या काळच्या पेट्रोलच्या भावात हा फरक गाडीच्या आयुष्यात भरून निघणे अशक्यच होते. काही महिन्यांतच कंपनीला सुमारे आठ लाखांची सूट द्यावी लागली, यातच सर्व आले.

चित्र पालटले ते २०२२ साली. त्या वर्षी होंडा सिटीची हायब्रीड आवृत्ती, टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड विटारा या गाड्या मध्यमवर्गीय डॉक्टरच्या आवाक्यात आल्या. हायरायडरच्या एकाच श्रेणीतील स्वयंचलित पेट्रोल आणि हायब्रीड यांच्या मूळ किमतींत तेव्हा सुमारे दीड ते दोन लाखांचा फरक होता. त्यावरचा नोंदणी कर आणि विमा मिळवून मी हा फरक सव्वादोन लाख धरतो. आपण जी गाडी पाहत असाल तिचा खरा फरक तेथे घालावा. मात्र दुसऱ्या राज्यातील भाव पाहून हिशेब करू नये. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये अशा गाड्यांचा नोंदणी कर माफ केला, तेव्हा तेथील 'रस्त्यावरची किंमत' ऐकून इंदूरचे कित्येक जण हुरळून गेले होते.

आता मायलेज. हायरायडर हायब्रीडचा जाहीर आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. हे मोजमाप प्रयोगशाळेत, रुळांवर चाके फिरवून, ठरावीक चक्रानुसार घेतले जाते. आपल्या शेजारी पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान चाचणीमार्ग २०२१ मध्ये सुरू झाला, याचा इंदूरकरांना सार्थ अभिमान आहे, पण हा आकडा काही तेथे धावून आलेला नाही. राजवाड्याची गर्दी, पलासियाचा सिग्नल आणि मे महिन्यातील वातानुकूलन जमेस धरून मी शहरात साध्या स्वयंचलित पेट्रोल गाडीस १२ आणि हायब्रीडला २० किलोमीटर धरतो. महामार्गावर अनुक्रमे १७ आणि २०. पेट्रोल लिटरला १०६ रुपये. मार्च २०२४ च्या कपातीनंतर इंदूरचा भाव याच सुमारास होता.

मायलेज १२ वरून २० झाले, म्हणजे ६७ टक्क्यांनी वाढले, परंतु पेट्रोल ६७ टक्क्यांनी वाचत नाही. हजार किलोमीटरला ८३ लिटरऐवजी ५० लिटर लागते. बचत ३३ लिटर, म्हणजे ४० टक्के. रुपयांत सुमारे ३,५००. हेच हजार किलोमीटर महामार्गावर केले, तर ५९ ऐवजी ५० लिटर. बचत जेमतेम ९३५ रुपये. सव्वादोन लाख वसूल होण्यास शहरात सुमारे ६४ हजार किलोमीटर लागतील, महामार्गावर दोन लाख चाळीस हजार. 'किती रुग्णांना औषध द्यावे म्हणजे एकाला लाभ होईल' हा आपल्या परिचयाचा प्रश्न आहे, त्याचेच हे मोटारी रूप.

शिवाय सव्वादोन लाख रुपये आपण आज देतो आणि बचत हळूहळू हाती येते. तीच रक्कम सात टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवली, तर वर्षाला १५,७५० रुपये व्याज मिळाले असते. कर्ज काढले असेल तर याहून अधिक व्याज द्यावे लागेल. हा बुडीत लाभ बहुतेक हिशेबांत कोणी धरीतच नाही.

आपल्यातील तीन प्रकारची मंडळी डोळ्यांपुढे आणा. सुदामानगरात घर आणि तेथून जवळच दवाखाना असलेला वैद्य वर्षाला शहरात आठ हजार किलोमीटर चालवतो. त्याचे पेट्रोल वाचेल २८ हजारांचे, व्याज वजा जाता हाती १२,२५० रुपये. या गतीने सव्वादोन लाख फिटण्यास अठरा वर्षे लागतील. दुसरा भूलतज्ज्ञ, सकाळपासून रात्रीपर्यंत या नर्सिंग होममधून त्या नर्सिंग होमकडे. रोज पन्नास किलोमीटर, वर्षाला पंधरा हजार, सर्व शहरात. त्याची निव्वळ बचत ३६,७५० रुपये. सहा वर्षांत फरक वसूल, पुढे निव्वळ लाभ. तिसरा तज्ज्ञ खरगोन, बडवानी, धारच्या रुग्णांसाठी फिरतो. वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर, म्हणजे तिघांत सर्वाधिक. हायब्रीड याच्यासाठीच, असे आपण म्हणू. प्रत्यक्षात महामार्गामुळे त्याच्या हाती उरतात वर्षाला साडेसात हजार!

बॅटरीची भीती मात्र अवाजवी आहे. हायरायडरची बॅटरी एक युनिटदेखील वीज साठवीत नाही, ०.७६ किलोवॉट-तास एवढीच तिची क्षमता. ती कधी पूर्ण भरली किंवा पूर्ण रिकामी केली जात नाही, त्यामुळे टिकते. हमी आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर. त्यानंतरचा खर्च आपला, म्हणून गाडी बारा-पंधरा वर्षे वापरणाऱ्यांनी त्यासाठी काही रक्कम बाजूला धरावी. अनेक हायब्रीड गाड्यांत बॅटरीला हवा देणारी जाळी मागल्या आसनाजवळ असते. तिच्यावर पिशव्या रचू नयेत, धूळ साचू देऊ नये. ब्रेकची झीज कमी होते, हा एक लहानसा फायदा. तेल, टायर, विमा यांत सांगण्याजोगा फरक नाही.

कराची बाजू व्यावसायिकाने अवश्य पाहावी. आपली सेवा जी.एस.टी.मुक्त असल्याने गाडीवर भरलेला हा कर आपल्याला परत मिळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून या आकाराच्या पेट्रोल आणि हायब्रीड, दोन्ही गाड्या ४० टक्क्यांच्या एकाच रांगेत आहेत, विजेवरील गाडीस मात्र केवळ ५ टक्के. आयकरात हिशेबवह्या ठेवणाऱ्यास व्यवसायासाठी वापरलेल्या गाडीवर दरसाल १५ टक्के घसारा मिळतो, पेट्रोलही खर्चात जाते. म्हणजे तीस टक्क्यांच्या गटातील डॉक्टरने पेट्रोलचा एक रुपया वाचवला, तर प्रत्यक्षात सत्तर पैसेच वाचतात. अनुमानित उत्पन्नाची पद्धत स्वीकारणाऱ्यास घसारा स्वतंत्रपणे मिळत नाही, त्याची बचत पूर्ण रुपयाची.

ज्यांना केवळ पैसाच वाचवायचा आहे त्यांनी सी.एन.जी.चाही विचार करावा. ओल्या कचऱ्यापासून हा वायू बनवणारा ५५० टन क्षमतेचा प्रकल्प आपल्याच शहरात फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. सामान ठेवण्याची जागा टाकीत जाते, ही त्यातील अडचण.

रुपयांत न मावणारी एक गोष्ट नर्सिंग होमच्या दारात दिसते. चालक वातानुकूलन लावून तासभर वाट पाहतो, इंजिन धडधडत असते आणि धूर आत येणाऱ्या रुग्णाच्या वाट्याला येतो. अशा वेळी हायब्रीडचे इंजिन बराच काळ बंद राहते.

माझ्याच घरात यंदा दोन निर्णय झाले. मी वर्षाला जेमतेम सात हजार किलोमीटर चालवतो, साधी पेट्रोल गाडीच घेणार आहे. माझी सून भूलतज्ज्ञ आहे, तिने महिनाभर शहरातले आणि बाहेरचे किलोमीटर वहीत वेगवेगळे टिपले आणि मग हायब्रीड नोंदवली.