मोजेवाल्याच्या मुलाचा हिशेब

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. शाळा उर्दूत झाली, मराठी गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांकडून शिकलो. तेव्हा भाषेत काही उणेअधिक झाले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

गेल्या महिन्यात आमचा भाचा पेढीवर आला. चित्रे चांगली काढतो, मुलांसाठी गोष्टीही लिहितो. दुकानांच्या पाट्या आणि लग्नपत्रिका रंगवून घर चालवतो. म्हणाला, "मामू, आता दुसऱ्यांचे काम पुरे झाले. स्वतःचे पुस्तक स्वतः लिहिणार, स्वतः चित्रे काढणार आणि स्वतःच छापून विकणार. चाळीस हजार रुपये उसने द्या."

आम्ही लगेच हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. व्यापाऱ्याची खोड अशी की नव्या धंद्यात पैसा घालण्याआधी त्या धंद्यातल्या जुन्या माणसाची वही पाहायची. हे तिन्ही धंदे एकट्याने करणारा एक माणूस लंडनमध्ये होऊन गेला. त्याचे नाव विल्यम ब्लेक. आज इंग्रजीच्या मोठ्या कवींत आणि चित्रकारांत त्यांचे नाव घेतात. पण आम्ही त्यांची कविता सांगायला बसलेलो नाही. आम्हाला त्यांचा जमाखर्च पाहायचा आहे.

बाप मोजे विकणारा

ब्लेक यांचा जन्म 28 नोव्हेंबर 1757 रोजी लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर झाला. वडील जेम्स ब्लेक यांचे मोजे-हातमोज्यांचे दुकान होते. म्हणजे माणूस आपल्याच बिरादरीतला, गजकात्रीच्या घरातला. मुलाचा हात चित्रात चालतो हे बापाने ओळखले आणि दहाव्या वर्षी त्याला चित्रशाळेत घातले. पुढे मोठ्या चित्रकाराकडे ठेवायचे तर फी फार होती. म्हणून 1772 साली जेम्स बसायर नावाच्या उस्तादाकडे तांब्याच्या पत्र्यावर नक्षी कोरण्याचा हुनर शिकायला ठेवले. मुदत सात वर्षांची. त्यासाठी बापाने 52 पौंड 10 शिलिंग मोजले.

येथे नाण्यांचा हिशेब सांगून ठेवतो. त्या काळी 12 पेनीचा एक शिलिंग आणि 20 शिलिंगांचा एक पौंड होई. 21 शिलिंगांना एक गिनी म्हणत.

छायाचित्रे नव्हती, तेव्हा पुस्तकात चित्र छापायचे तर ते बहुधा तांब्यावर कोरत. म्हणून कोरणाऱ्याला काम मिळे. पुस्तकवाला चित्र देई, कारागीर कोरून देई आणि मजुरी घेई. आपल्याकडे सूत शेठचे आणि विणकराची फक्त मजुरी असते, तसाच हा मामला होता.

स्वतःचा माल

1782 साली त्यांचे लग्न झाले. कॅथरीन या भाजी पिकवणाऱ्याच्या मुलगी. लिहिता येत नव्हते, लग्नाच्या कागदावर त्यांनी फुलीची सही केली. ब्लेक यांनी त्यांना लिहावाचायला शिकवले, छापायला आणि रंग भरायलाही शिकवले. पुढची पंचेचाळीस वर्षे हा नवराबायकोचा कारखाना चालला.

1784 साली वडील वारले. त्यानंतर ब्लेक यांनी बसायरकडच्या एका जोडीदाराबरोबर भागीदारीत चित्रे विकण्याचे दुकान घातले, तेही घराच्या दुकानाला लागूनच. भागीदारी फार टिकली नाही.

मग त्यांनी एक नवी युक्ती काढली. पुस्तक छापायचे तर अक्षरे एका छापखान्यात आणि चित्रे दुसऱ्या छापखान्यात, असा दुहेरी खर्च असे. ब्लेक तांब्याच्या पत्र्यावर तेजाब न लागणाऱ्या रोगणाने अक्षरे आणि चित्र दोन्ही एकत्र काढत, तीही उलटी. पत्रा तेजाबात ठेवला की बाकीचे तांबे खाल्ले जाई आणि लिहिलेले उंच राही, अगदी आपल्या छिपीच्या ठशासारखे. त्यावर शाई लावून घरच्या दाबयंत्रावर कागद काढायचा आणि मग हाताने रंग भरायचा. आमच्या लहानपणी उर्दू पुस्तके लिथोच्या दगडावर छापत. कातिबाने लिहिलेले दगडावर उलटे उतरवून घेत. त्यामुळे हे काम किती जिकिरीचे ते आम्हाला समजते. 

या धंद्याचे भांडवल किती होते? त्यांच्या चरित्रात सांगितले आहे की घरात अडीच शिलिंग उरले होते. त्यातले 1 शिलिंग 10 पेनी घेऊन कॅथरीनबाई बाजारात गेल्या आणि या कामाचे सामान घेऊन आल्या.

1793 साली त्यांनी आपल्या मालाची दरांची यादी छापली. कवितांची दोन छोटी पुस्तके, प्रत्येकी पाच शिलिंग. काही मोठी पुस्तके साडेसात शिलिंगांची, एक साडेदहाचे. त्या यादीत त्यांनी असेही म्हटले होते की आम्ही कोणाकडून आगाऊ वर्गणी मागत नाही, माल तयार करू आणि वाजवी दराने विकू.

ही बाणेदार भाषा ऐकायला बरी वाटते. पण आमच्या मते धंद्यातली पहिली चूक तीच झाली. त्या काळी महाग पुस्तके पुष्कळदा वर्गणीदार आधी जमवून काढत. बयाणा न घेता माल काढायचा म्हणजे सारे भांडवल स्वतःचे आणि जोखीमही स्वतःची.

मजुरीचे दर

स्वतःचा माल थोडा खपे, तेव्हा पोट मजुरीवरच होते. एका पुस्तकवाल्याने त्यांना यंग नावाच्या कवीच्या एका लांबलचक काव्यासाठी चित्रे काढायला सांगितली. ब्लेक यांनी 537 रंगीत चित्रे काढली. त्यांनी 100 गिनी मागितल्या, पुस्तकवाला म्हणाला 20 पेक्षा जास्त परवडत नाही, आणि ब्लेक यांनी ते कबूल केले. आम्ही हिशेब करून पाहिला. एका चित्राला साडेनऊ पेनीसुद्धा पडत नाहीत. त्यांतली 43 चित्रे कोरली गेली, 1797 साली पहिला भाग निघाला, तो खपला नाही आणि पुढचे भाग निघालेच नाहीत.

1805 साली याहून वाईट झाले. क्रोमेक नावाच्या इसमाने 20 चित्रे 20 गिनींना घेतली. ब्लेक यांनी एवढा कमी दर का कबूल केला? कारण कोरण्याचे काम आपल्यालाच मिळेल असे त्यांना वाटत होते, आणि खरी कमाई कोरण्यात होती. क्रोमेकच्या पहिल्या जाहिरातीत तसे छापलेही होते. त्यानंतर त्याने ते काम दुसऱ्या, जास्त नाव असलेल्या कारागिराला दिले. 1808 साली पुस्तक निघाले, त्याला पाचशेंहून अधिक वर्गणीदार होते. ब्लेक यांच्या हाती त्या 20 गिनीच राहिल्या.

हे वाचले आणि आम्ही चष्मा काढून ठेवला. पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. एका कारागिराने आम्हाला साडीच्या काठाची नक्षी काढून दिली होती. पुठ्ठे मारण्याचे कामही मलाच द्याल ना शेठ, असे त्याने विचारले होते. आम्ही बघू म्हटले. त्या आशेवर त्याने नक्षीचे पैसे थोडे घेतले. पुठ्ठे मारण्याचे काम आम्ही दुसऱ्याकडे दिले, कारण तो चार पैसे कमी घेत होता. ती साडी दोन मोसम चालली. आमच्या वहीत तो सौदा नफ्याचा म्हणून लिहिलेला आहे. तो कारागीर पुन्हा आमच्या पेढीची पायरी चढला नाही. क्रोमेकला नावे ठेवणे सोपे आहे, पण आपल्या बाजारात असे क्रोमेक किती आहेत हे प्रत्येकाने आपापल्या वहीत पाहावे. आम्हाला आमच्या वहीत एक सापडला.

रिकामी थाळी

1809 साली ब्लेक यांनी स्वतःच्या चित्रांचे प्रदर्शन भरवले. जागा कोणती? भावाचे तेच मोज्यांचे दुकान. चित्रे सोळा, तिकीट अडीच शिलिंग आणि त्यातच छापील माहितीपुस्तक. लोक थोडे आले. वर्तमानपत्रात एकच परीक्षण आले, त्यात त्यांना चक्क वेडा ठरवले. एका गृहस्थाने दहा शिलिंग देऊन चार माहितीपुस्तके घेतली आणि विचारले, मी पुन्हा फुकट येऊ का? दुकानदार भाऊ म्हणाला, जन्मभर या. चांगले गिऱ्हाईक पुन्हा यावे म्हणून दुकानदाराने दार उघडे ठेवले. पण गिऱ्हाइकेच नसली तर दुकानदार तरी काय करणार?

घरचा खर्च कॅथरीनबाई सांभाळत. पैसे संपत आले की त्या सांगत, पण ब्लेक यांना पैशाचे बोलणे नको वाटे. मग बाई एक करत. जेवणाच्या वेळी त्यांच्यापुढे रिकामी थाळी ठेवत. थाळी पाहिली की ब्लेक उठून मजुरीच्या कामाला बसत. या बाई एक गिनी नवऱ्याला न सांगता अडीअडचणीसाठी बाजूला ठेवत, असेही लिहिलेले आहे. आपल्या घरांत डाळीच्या डब्यात नोट ठेवणाऱ्या बायका आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

मजुरीत लाज नव्हती. एवढ्या मोठ्या कलाकाराने वेजवूड कंपनीच्या चिनी मातीच्या भांड्यांची यादी कोरून दिली. सूपाची भांडी, ताटल्या, वाडगे, असे 18 पत्रे. 1821 साली तंगी एवढी वाढली की आयुष्यभर जमवलेली जुनी छापील चित्रे विकावी लागली. पुढच्या वर्षी रॉयल अकॅडमीने 25 पौंडांची मदत दिली.

ज्यांनी कदर केली

मग हा माणूस जगला कसा? दोन माणसांमुळे. एक थॉमस बट्स, सरकारी कचेरीतला कारकून. त्याने 1799 पासून बायबलमधल्या प्रसंगांची पन्नास चित्रे एका गिनीला एक या दराने सांगितली आणि पुढेही अनेक वर्षे घेत राहिला. दर मोठा नव्हता, पण गिऱ्हाईक बांधलेले होते.

दुसरा जॉन लिनेल, वयाने तरुण चित्रकार. अकॅडमीच्या मदतीसाठीही त्यानेच खटपट केली होती. त्याने 1823 साली ईयोबच्या, म्हणजे आपण ज्यांना हजरत अय्यूब म्हणतो त्यांच्या कथेची चित्रे कोरण्यासाठी ब्लेक यांच्याशी लेखी करार केला. कोरण्याचे 100 पौंड आणि पुढे नफ्यातून आणखी 100. सही होताच पाच पौंड हातात दिले. बाकीचे थोडेथोडे देत गेला. 1826 साली पुस्तक निघाले, पण नफा झालाच नाही. तरी लिनेलने वरचे 50 पौंड दिले. धंद्याच्या नियमाने तो बांधलेला नव्हता.

शेवटच्या वर्षांत ब्लेकही दर लावायला शिकले होते. ज्या दोन पुस्तकांचे 1793 साली मिळून दहा शिलिंग होते, त्यांच्या एकत्र प्रतीचे 1827 साली दहा गिनी झाले, म्हणजे एकवीस पट. पण एका प्रतीला, बाकीची कामे सांभाळून, सहा महिने लागत. एका मोठ्या पुस्तकाची शंभर पानांची प्रत त्यांनी तयार करून ठेवली होती. पण तिला गिऱ्हाईक मिळेल असे वाटत नाही, असे त्यांनी स्वतःच मित्राला कळवले. ती रंगीत प्रत आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे.

12 ऑगस्ट 1827 रोजी ते वारले. शेवटच्या शिलिंगांपैकी एक त्यांनी पेन्सिलीवर खर्च केला, असे सांगतात. मागे कर्ज ठेवले नाही. कॅथरीनबाई पुढे चार वर्षे उरलेला माल विकत राहिल्या. एका उमरावाने एक चित्र 80 गिनींना घेतले. नवऱ्याच्या हयातीत एवढा दर क्वचितच लागला असेल.

आम्ही काय केले

भाच्याला बोलावून ही सारी वही त्याच्यापुढे मांडली. चार गोष्टी सांगितल्या. मजुरीचे काम सोडू नकोस, थाळी त्यानेच भरते. आधी गिऱ्हाईक बांध, मग छाप. तोंडी आशेवर दर कमी करू नकोस, जे ठरेल ते कागदावर लिहून घे. आणि घरात हिशेब ठेवणारे माणूस असेल तर त्याचे ऐक.

तो म्हणाला, "मामू, म्हणजे पैसे देणार नाही."

आम्ही म्हटले, उसने देणार नाही. उसने दिले तर तू आमचा कर्जदार होशील आणि ईदला घरी यायचे टाळशील. आम्ही दोनशे प्रतींची ऑर्डर देतो. दुकानात मुलांचे कपडे घेणाऱ्या गिऱ्हाइकाला पुस्तक भेट देऊ. निम्मी रक्कम आज बयाणा म्हणून, उरलेली माल आल्यावर. चित्रांचा हक्क तुझाच. चिठ्ठी लिहिली आणि दोघांनी सह्या केल्या. तो चिठ्ठी खिशात घालून गेला. आता पुस्तक खपते की नाही ते बाजार ठरवील.

त्यानंतर आम्ही जुन्या वहीतून त्या नक्षीच्या कारागिराचा पत्ता शोधला. तो अजून त्याच गल्लीत राहतो, नजर कमजोर झाली आहे. त्याचा मुलगा आता नक्षी काढतो. जुन्या नक्षीचे राहिलेले पैसे आम्ही नेऊन दिले. त्याने मोजले नाहीत, बाजूला ठेवले आणि चहा सांगितला. मुलाने मात्र विचारले, "शेठ, यापुढे पुठ्ठ्यांचे काम कोणाला देणार?"

आम्ही म्हटले, लिहून आण, सही करतो.