मोटारीचें सिंहावलोकन

संस्कृत शास्त्रग्रंथांत ‘सिंहावलोकनन्याय’ प्रसिद्ध आहे. सिंह पुढें चालतांना मधूनमधून मान वळवून मागचा मार्ग पाहतो, तसें ग्रंथकारानेंहि मागील विषयाकडे वळून पाहावें, असा त्याचा आशय. मोटारीला मात्र मान नाहीं; आणि ती मागें घेतांना तिच्या पाठीशीं लागून असलेली जमीन चालकास आरशांतूनहि दिसत नाहीं. नेमक्या त्याच जागीं घरांतील दोन-तीन वर्षांचें मूल खेळत असूं शकतें. ज्या कुटुंबाच्या अंगणांत मोटार आहे आणि मुलेंहि आहेत, त्यानें हा विषय केवळ यंत्रविद्येचा समजूं नये.

ही उणीव भरून काढण्याची कल्पना जुनी आहे. १९५६ सालीं अमेरिकेंतील ब्यूइकच्या ‘सेंच्युरियन’ या केवळ प्रदर्शनासाठीं केलेल्या मोटारीस मागें टेलिव्हिजनचा कॅमेरा व पुढें पडदा बसविला होता. विक्रीच्या मोटारींत ही सोय १९९१ सालीं जपानांत टोयोटाच्या ‘सोअरर’ गाडींत आली. अमेरिकेंत मे २०१८ पासून नव्या हलक्या मोटारींना ती सक्तीची झाली. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागील अडथळ्याची सूचना देणारे सेन्सर सक्तीचे झाले. कॅमेरा मात्र पुष्कळांनीं मागाहून बसवून घेतलेला असतो.

अशा कॅमेऱ्याची रचना सोपी आहे. रिव्हर्स गिअर पडतांच मागील पांढरा दिवा लागतो. त्याच दिव्याच्या तारेवरून कॅमेऱ्यास १२ व्होल्टांची वीज मिळते. दुसरी तार चित्र पुढें नेते. तिच्या टोकास बहुधा पिवळा प्लग असतो. तिसरी बारीक तार पडद्यास ‘आतां मागचें दाखव’ अशी आज्ञा देते. वीज, चित्र आणि आज्ञा यांपैकीं एकहि खुंटली कीं कार्य थांबतें.

दोष शोधण्यास नैयायिकांची अन्वय-व्यतिरेकाची रीत उत्तम. एक असतां दुसरें असतें हा अन्वय. तें नसतां हेंहि नसतें हा व्यतिरेक. मोटार सपाट जागीं उभी करावी, हातब्रेक ओढावा, चाकांस दगड लावावे, आणि इंजिन सुरू न करतां किल्ली फिरवून रिव्हर्स गिअर टाकावा. पाहणारानें बाजूस उभें राहावें, मोटारीच्या मागें नव्हे.

चित्र केवळ अंधुक असेल, तर भिंग ओलसर मऊ कापडानें पुसावें. धुकें भिंगाच्या आंत असेल, तर पाणी शिरलें आहे. कॅमेरा बदलणेंच इष्ट. पडदा बदलत नाहीं आणि मागचा दिवाहि लागत नाहीं, तर दोहोंचें समान कारण पाहावें: फ्यूज किंवा गिअरपेटीवरील स्विच. दिवा लागतो पण पडदा ढिम्म राहतो, तर आज्ञेची तार तपासावी. पडदा बदलतो पण काळा किंवा निळाच राहतो, तर कॅमेऱ्याच्या प्लगपाशीं मल्टिमीटरनें वीज मोजावी. वीज नसेल, तर दोष विजेच्या तारेंत किंवा अर्थिंगमध्यें. वीज असेल, तर तेथें तसाच दुसरा कॅमेरा जोडून पाहावा. चित्र उमटलें तर पहिला कॅमेरा निकामी, न उमटलें तर चित्राची तार किंवा पडदा दोषी. चित्रांत रेघा नाचत असतील, तर अर्थिंगची सैल जोडणी प्रथम घट्ट करावी. डावें-उजवें उलट दिसत असेल, तर तो बिघाड नसून सेटिंगचा प्रश्न होय.

आमच्या पुतण्याच्या मोटारींतील चित्र मधूनच नाहींसें होई. एका मोठ्या दुरुस्तीगृहानें कॅमेरा व पडदा दोन्ही नवे घेण्याचा सल्ला दिला. आमच्या आळींतील मेकॅनिकनें मात्र डिकीचें झांकण सावकाश वरखालीं करून पाहिलें. झांकण वर गेलें कीं चित्र येई, खालीं आलें कीं जाई. झांकण व मोटारीचें धड यांमधील रबरी नळी त्यानें सोलली, तों आंतील एक तार वारंवार वांकून तुटलेली निघाली! डाग देऊन ती सांधली आणि काम झालें. त्या गृहस्थानें न्यायशास्त्राचें नांवहि ऐकलें नसेल. पण अन्वय-व्यतिरेक तो पुरता जाणत होता.

येवढें मात्र स्मरणांत ठेवावें, कीं कारखान्यांतूनच कॅमेरा बसून आलेल्या मोटारीची हमी चालू असेल, तर घरीं कांहीं उघडूं नये. कित्येक मोटारींत छताच्या कडेस एअरबॅगहि असतात. तेथील आच्छादन अनभिज्ञानें ओढूं नये.

सर्वांत घातक बिघाड निराळाच आहे. काळा पडदा निदान ‘मला दिसत नाहीं’ असें प्रामाणिकपणें सांगतो. पण एखादे वेळीं चित्र थिजतें, आणि क्षणापूर्वींचें मोकळें अंगण पडद्यावर तसेंच राहतें. ही खोटी साक्ष होय. म्हणून अधूनमधून कोणीतरी बाजूनें हात हालवावा, आणि तो पडद्यावर तत्काळ हालतो कीं नाहीं तें पाहावें. कॅमेरा धड असो वा नसो, मोटार मागें घेण्यापूर्वीं चालकानें एकदां तिच्याभोंवतीं फिरून यावें, आणि घरांतील वडील माणसानें लहानांचा हात धरून ओसरीवर उभें राहावें. तार तुटली तर सांधतां येते. इतर सर्वच गोष्टींचें तसें नाहीं.