विश्लेषण : खत घालूनही कुंडीतली जास्वंद फुलत का नाही?

गणपती तोंडावर आले की घरोघरी बाल्कनीतल्या लाल जास्वंदीकडे डोळे लागतात. महिनाभर गांडूळ खत, निंबोळी पेंड, केळीच्या सालीचे पाणी असे सगळे करूनही अनेकांच्या झाडाला हिरवीगार पाने येतात, फुले मात्र नाहीत. कुठे कळ्या धरतात आणि उमलण्याआधीच गळतात. सेंद्रिय खत वाईट, असा याचा अर्थ नाही. कोणते खत, किती आणि कधी, हे समजून घ्यायला हवे.

पाने भरपूर, फुले नाहीत, असे का होते?
झाडाला प्रामुख्याने नत्र, स्फुरद आणि पालाश लागते. नत्राने पाने-फांद्या वाढतात, स्फुरद मुळांना बळ देते, तर पालाश फुले धरायला मदत करते. नत्र जास्त झाले की झाड पानांतच रमते. युरियात ४६ टक्के नत्र असते, गांडूळ खतात साधारण दीड ते दोन टक्के आणि निंबोळी पेंडीत सुमारे ५ टक्के. त्यामुळे गांडूळ खत थोडे जास्त पडले तरी सहसा बिघडत नाही. पेंड मात्र मूठ मोजूनच घालावी.

कोणते खत किती द्यावे?
१२ इंची कुंडीला महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळ खत किंवा पूर्ण कुजलेले शेणखत पुरते. दोन महिन्यांतून एकदा मूठभर निंबोळी पेंड द्यावी. तिने मुळांवरील सूत्रकृमींनाही आळा बसतो. खत खोडाला चिकटवू नये. कुंडीच्या कडेने माती हलकी उकरून मिसळावे आणि लगेच पाणी द्यावे. ताजे शेण कुंडीत घालू नये. ते कुजताना उष्णता निर्माण होते आणि मुळे होरपळतात. चांगल्या शेणखताला मातीसारखा वास येतो, शेणाचा नाही.

हाडांचा चुरा सगळीकडे चालतो का?
नाही. त्यातले स्फुरद आम्लधर्मी मातीत विरघळते. कोकणातल्या जांभ्या मातीत ते उपयोगी पडते. देशावरच्या काळ्या, चुनखडीयुक्त मातीत ते बरेचसे तसेच पडून राहते. शिवाय स्फुरद जास्त झाल्यास जास्वंदीला लोह घेता येत नाही. मग कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. अशा वेळी आणखी खत घालणे हा उपाय नसतो.

केळीच्या साली, चहाचा चोथा, अंड्याची टरफले?
सालीत पालाश असते, पण कच्ची साल कुंडीत पुरली तर चिलटे आणि मुंग्या येतात. ती आधी कंपोस्टमध्ये कुजवावी. चहाचा चोथा साखर-दूध धुऊन, वाळवून वापरावा. टरफलांतला चुना फार सावकाश विरघळतो, त्यामुळे या मोसमात त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

कळ्या का गळतात?
अनेकदा कारण खताचे नसतेच. एक दिवस कोरडी आणि दुसऱ्या दिवशी चिखल झालेली माती, कळ्यांवर बसलेला पांढरा पिठ्या ढेकूण किंवा अपुरे ऊन ही नेहमीची कारणे. जास्वंद, गुलाब, मोगरा यांना रोज किमान ५ ते ६ तास थेट ऊन लागते. सावलीतल्या झाडाला कितीही खत दिले तरी ते फुलत नाही. पिठ्या ढेकूण दिसल्यास पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झाड धुवावे, मग निंबोळी तेल फवारावे.

वेळ कोणती साधावी?
सेंद्रिय खतातले अन्न मातीतले जिवाणू हळूहळू मोकळे करतात. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. म्हणून गणपतीसाठी तयारी आषाढातच सुरू करावी. धो धो पावसात कुंडीतले अन्न वाहून जाते. तेव्हा एकदम भरपूर देण्यापेक्षा थोडे थोडे द्यावे आणि कुंडीचे खालचे भोक तुंबलेले नाही ना, ते पाहावे. गुलाबाची छाटणी पावसाळा सरल्यावर, तर मोगऱ्याची थंडी ओसरताना करून त्यानंतर खत दिले, की नवी फूट जोमदार येते.

सण आठ दिवसांवर आला असेल, तर नवे खत घालण्याची घाई करू नये. कुंडी उन्हात ठेवावी आणि पाण्याची वेळ पाळावी. आहेत त्या कळ्या टिकवण्याचा तोच खात्रीचा मार्ग.